पत्र्यावर धरलेला नेम

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीला टेकून एक जुना पत्रा उभा आहे. त्याला मधोमध बारीक बारीक खळगे पडले आहेत, कांजिण्यांच्या व्रणांसारखे. ते सगळे मी पाडलेले आहेत. गेली दोन वर्षं मी गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही, पण पत्रा अजून तिथेच असणार, कारण आमच्याकडे काहीही हलवायचं म्हटलं की आधी सभा भरवावी लागते.

कबुतरांचा वैताग कोथरूडमध्ये कोणाला नाही? आमच्या सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘ज्यांना कबुतरांना दाणे घालण्याची हौस आहे, त्यांनी कबुतरांना आपल्या बेडरूममध्ये बोलवावे.’ फळा वाचून माणसं हसली. कबुतरं आपली येतच राहिली. त्या उन्हाळ्यात बायकोने गच्चीवर कुरडया घातल्या आणि पहिल्याच दिवशी कबुतरांनी त्यातल्या निम्म्या तुडवून घाण केल्या. ती रडायच्या बेताला आली होती. मी म्हटलं, बघतो मी यांच्याकडे.

मी चौतीस वर्षं एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासले. अर्जावर ‘अपघात कसा घडला’ असा रकाना असे. तो वाचायचा आणि माणूस थापा मारतोय का ते ओळखायचं, एवढंच माझं काम. मला ते चांगलं जमायचं. ‘खुलासा समाधानकारक नाही’ हे माझं लाडकं वाक्य होतं. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला त्याच नावाने ओळखत. हे सांगतोय ते कौतुक म्हणून नाही, पुढे त्याचा संबंध येणार आहे म्हणून.

तर मी पेठेत जाऊन एक छर्ऱ्याची बंदूक घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, “याला परवाना लागत नाही काका, खेळणंच समजा.” सोबत शिशाच्या छर्ऱ्यांची डबी. एकेक छर्रा मसुराच्या दाण्याएवढा. आता आमच्या घरी मुंग्यांना साखर घालतात, झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडतात. कबुतर मारायचं तर मनातही येणं शक्य नव्हतं. मग मी माझी अक्कल चालवली. कबुतरावर नेम धरायचाच नाही, धरायचा तो पत्र्यावर. ठण्ण आवाज झाला की सगळी भुर्र. ना जीवहत्या, ना कुरडयांचं नुकसान. बायको म्हणाली, “अहो, ते कोणाला लागलं बिगलं म्हणजे?”

“पत्र्यावर मारतोय. पत्र्याला काय लागणार आहे?” असं मी म्हणालो होतो. तिला ते आठवतं की नाही, मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

पंधरा-वीस दिवस झकास चाललं. मग एका सकाळी मी जिन्याच्या दारात उभा होतो. ती खाली फॉल-बिडिंगला आलेल्या साड्या घेऊन बसली आहे अशी माझी समजूत. ती मात्र दुसऱ्या जिन्याने वर येऊन पाण्याच्या टाकीमागे कुरडया उलटत होती. मी नेम धरला, चाप ओढला. ठण्ण आवाज आलाच नाही, नुसतं टिक् झालं. छर्रा पत्र्याच्या लोखंडी पट्टीवर आपटून वळला होता. कबुतरं उडाली आणि टाकीमागून तिचा आवाज आला, “अगंबाई, डोळ्यात काहीतरी गेलं.”

ती ओरडली नाही, कळवळली नाही. डोळ्यात चिलट गेल्यावर बोलतात त्या आवाजात बोलली. मी धावत गेलो. ती डाव्या डोळ्यावर हात धरून बसली होती. रक्त असं नव्हतंच, गालावर पाण्यासारखा एक ओघळ होता, थोडासा चिकट. माझ्या हातात अजून ती बंदूक होती. तिने उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, मग बंदुकीकडे पाहिलं. तेव्हा आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. मी आयुष्यात तेवढा कधीच घाबरलो नव्हतो.

तळमजल्यावर आमचे शेजारी राहतात, त्यांचं स्वारगेटजवळ चष्म्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. ते दुकानाला निघतच होते. मी तिला खाली आणून नळाखाली डोळा धुवायला निघालो होतो, त्यांनी माझा हात धरला. “साहेब, पाणी नाही, दाबायचं नाही, चोळायचं नाही. वहिनी, आपण हातसुद्धा काढा.” त्यांनी कागदी कप मागवला, त्याचा तळ कापून काढला आणि डोळ्याला स्पर्श होऊ न देता वर धरून कडेने चिकटपट्टी लावली. मग गाडी काढली. कसं लागलं, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या हाताला शिशाचा काळा रंग लागला होता, तो मात्र त्यांनी पाहिला.

गाडीत मागच्या सीटवर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बंदुकीचं काही सांगू नका. पोलीस येतील. कपड्यांची तार लागली म्हणून सांगू.”

एवढं लागलेलं असताना तिला काळजी माझी होती. आणि मी, चौतीस वर्षं लोकांच्या थापा पकडलेला माणूस, मान हलवून मोकळा झालो. मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी कप काढला आणि त्यांचा चेहरा बदलला. बुबुळाच्या शेजारी पांढऱ्या भागात मसुराच्या दाण्याएवढं भोक होतं. बाहुली मात्र गोल राहिली नव्हती, भोकाकडे ओढली जाऊन थेंबासारखी झाली होती. त्यांनी तिचा चांगला डोळा झाकला, खोलीतले दिवे घालवले आणि बॅटरी धरली.

“उजेड दिसतोय?”

“दिसतोय.”

“कुठून येतोय? बोटाने दाखवा.”

बॅटरी वर होती. बायकोने बोट खाली दाखवलं. डॉक्टरांनी बॅटरी उजवीकडे नेली. तिने पुन्हा खालीच दाखवलं. शाळेत उत्तर येत नसलेली मुलगी कशी आत्मविश्वासाने चुकते, तशी. मी कोपऱ्यात उभा राहून हे पाहत होतो आणि मनातल्या मनात ओरडत होतो, वर, अगं वर आहे.

“कसं लागलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“तार लागली. कपडे वाळत घालायची,” बायको म्हणाली.

“आत काही राहिलं असण्याची शक्यता? लोखंड, काच, काहीही?” हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

मी म्हणालो, “नाही.”

त्यांनी तरीही स्कॅन करायला पाठवलं. त्यात तास गेला, रिपोर्टला आणखी वेळ. सकाळी चहाबरोबर तिने दोन पोळ्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे भूलही लगेच देता येणार नव्हती. दुपारी डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. पडद्यावर तिच्या डोक्याचं करडं चित्र होतं. डाव्या डोळ्याच्या गोलात, मागच्या बाजूला, एक लख्ख पांढरा ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेले किरण.

“ही आपली तार,” त्या म्हणाल्या. “बरीच गोल आहे.”

मी हातावरचा काळा डाग अंगठ्याने पुसू लागलो.

“काका, तुमच्याकडून कारण कळेल म्हणून मी थांबले नाही, हे नशीब समजा. दुसऱ्या एका तपासणीत मोठं लोहचुंबक असतं. ती लिहून दिली असती आणि आत लोखंड असतं, तर काय झालं असतं, कल्पना आहे?”

मग मी सांगितलं. पत्रा, कुरडया, कबुतरं, सगळं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “पोलिसांना कळवावं लागेल, नियम आहे. ते नंतर. आधी डोळा शिवते.” संध्याकाळी तिला आत नेलं. दारात ती म्हणाली, “कुरडया आत घ्यायला सांगा कोणालातरी.”

दुसऱ्या दिवशी हवालदार आले, तिचा जबाब झाला. चुकून घडलं, तक्रार नाही, असं तिने लिहून दिलं. बंदूक मी चौकीवर जमा केली. खरं म्हणजे मला त्यांनी चार शब्द सुनावायला हवे होते. त्यांनी मला पाणी दिलं.

पुढच्या आठवड्यात दुसरं ऑपरेशन झालं. छर्रा बाहेर काढला. आतला पडदा फाटून सुटला होता, तो जागेवर बसवला आणि तो चिकटून राहावा म्हणून डोळ्यात तेल भरलं. त्यानंतर दोन आठवडे तिने पालथं झोपायचं, बसली तरी मान खाली घालूनच बसायचं. तेल पडद्यावर दाबून राहिलं पाहिजे म्हणून. उशांची चळत लावून ती जेवायची, बोलायची, रेडिओ ऐकायची, सगळं फरशीकडे बघत. मी समोर बसलेला असायचो. एकदा म्हणाली, “मला तुमचे नुसते पाय दिसतात. अंगठे किती आखडून बसता हो. सोडा की जरा.”

डॉक्टरांनी मला पुन्हा एकदा आत बोलावलं ते याच काळात. त्या म्हणाल्या, डाव्या डोळ्याकडून फार आशा ठेवू नका. हात हलला तर कळेल, बोटं मोजता येणार नाहीत. मी हे कसंबसं गिळतोय तोवर त्या म्हणाल्या, “आता उजव्याकडे लक्ष ठेवायचं. एका डोळ्याला अशी जखम झाली की कधीकधी शरीर दुसऱ्या, चांगल्या डोळ्यावरच उलटतं. क्वचित होतं. पण महिन्यांनीही होतं, वर्षांनीही. उजवा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसायला लागलं, तर त्याच दिवशी यायचं. वाट बघायची नाही.”

क्वचित या शब्दाने माझं जगणं मुश्कील केलं. दाव्यांच्या फायलींत मी क्वचित घडणारंच रोज वाचत होतो. लिफ्ट क्वचित पडते, झाड क्वचित कोसळतं, आणि तरी माझ्या टेबलावर ढीग असायचा. मी रोज सकाळी तिच्या आधी उठून तिचे डोळे उघडण्याची वाट बघू लागलो. पापणी उघडली की मी उजव्या डोळ्याचा पांढरा भाग तपासायचो. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथी तिला वाचायला लावायचो. पहिले काही दिवस तिने वाचली. नंतर एका सकाळी कॅलेंडरकडे न बघताच म्हणाली, “एकादशी. साबुदाणा भिजवला आहे. आता चहा मिळेल का?” आणि मग मीच घाबरलो, की तिने न बघता का सांगितलं. तिला दिसत नाही म्हणून तर नाही?

घरात चहा काही दिवस मी ओतत होतो. सुरुवातीला तिने ओतला तो कपाच्या दोन बोटं अलीकडे पडला, टेबलभर झाला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. ती हसली, मी फडकं घेऊन नुसता उभा राहिलो. हळूहळू ती शिकली. किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवते, मग ओतते. सुईत दोरा मात्र मी ओवून देतो. सकाळी दहा सुया ओवून पिनकुशनला टोचून ठेवतो, वेगवेगळ्या रंगांच्या. साड्या पुन्हा यायला लागल्या आहेत. शेजारच्या चष्मेवाल्यांनी तिला न फुटणाऱ्या काचांचा चष्मा करून दिला. तिला नंबर नाही, तरी तो दिवसभर घालायचा. “वहिनी, उरलेल्या डोळ्याला आपण शिरस्त्राण घालू,” असं म्हणाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, आपण जरा झोपत जा.”

बाहेर गेलो की मी नेहमी तिच्या डाव्या हाताला चालायचो. तिकडून येणारी स्कूटर तिला दिसत नाही, धक्का लागेल. बसलो तरी डावीकडेच बसायचो, बसमध्ये, लग्नात, बागेच्या बाकावर. लोकांना वाटायचं, किती काळजी घेतो. काळजी होतीच. पण तिकडे बसलं की तिला मी दिसत नसे, हेही होतं. तिच्या नजरेसमोर बसणं मला जमत नव्हतं.

दीड वर्षाने, एका मंगळवारी सकाळी, तिने पापणी उघडली आणि उजवा डोळा लाल होता.

लालसर वगैरे नाही, लाल. पाणी वाहत होतं. “चुरचुरतंय,” ती म्हणाली, आणि खिडकीकडे पाठ फिरवून म्हणाली, “पडदा ओढा हो, उजेड नको वाटतोय.” डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दोन झाल्या होत्या. तिसरी मी विचारलीच नाही. मी स्कूटर काढली. कर्वे रोडवर सगळे सिग्नल लाल मिळाले. ती मागे माझ्या पाठीला चेहरा लावून बसली होती आणि मला एकच दिसत होतं, दोन्ही डोळे गेलेली ती, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात चाललेली. आणि घरात मी, ज्याला सगळं लख्ख दिसतंय. देवाला मी कधी काही मागत नाही. त्या दिवशी शनिपाराशी गर्दीत अडकलो असताना म्हटलं, माझा घे. दोन्ही घे.

दवाखान्यात नवीन शिकाऊ डॉक्टर होती. जुनी फाईल सापडेपर्यंत तिने कोरा कागद घेतला. वय, तक्रार, औषधं. मग, “डाव्या डोळ्याला काय झालं होतं?”

बायको लगेच म्हणाली, “जुनं आहे ते. गच्चीवर अपघात झाला होता.”

“कसला अपघात?”

तोच रकाना. त्यासमोर काय लिहायचं, याची बायकोने दीड वर्ष माझ्यासाठी सोय करून ठेवली होती. सोसायटीत सगळे तोवर तारच समजत होते. माझ्या मुलीलासुद्धा आम्ही फोनवर तारच सांगितली होती.

मी म्हणालो, “छर्रा लागला. मी मारलेला. माझ्या हातात बंदूक होती.”

शिकाऊ डॉक्टरने मान वर केली नाही, लिहून घेतलं. मग बायकोच्या उजव्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि म्हणाली, बाहेर बसा, अर्धा तास लागेल, थोडं धूसर होत जाईल.

बाहेरच्या बाकावर मी सवयीने तिच्या डावीकडे बसलो. समोरच्या भिंतीवर पाटी होती, ‘कृपया चौकशी करू नये. नाव आल्यावर बोलावले जाईल.’ ती त्या पाटीकडेच बघत होती. मला वाटलं, रागावली. सांगून टाकलं म्हणून, किंवा इतक्या उशिरा सांगितलं म्हणून.

“अहो,” ती म्हणाली. “या बाजूला या.”

“कुठे?”

“उजवीकडे. इकडे बसा.”

“डावीकडून कोणी धडकलं तर?”

“धडकू दे. हा डोळा जायचाच असला, तर धूसर होईपर्यंत काय बघायचं ते मला ठरवू द्या. ती पाटी बघत बसणार नाही मी.”

मी उठलो आणि पलीकडे जाऊन बसलो. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, सरळ, गच्चीवर पाहिलं होतं त्यानंतर पहिल्यांदाच इतकं सरळ. तिची बाहुली मोठी होत चालली होती, डोळा लाल होता, पाणी गळत होतं. मी चेहरा हलवला नाही. माझ्या डोळ्यांतून काय वाहतंय ते पुसलंही नाही.

“दिसतोय का?” मी विचारलं.

“दिसताय. दाढी करायची राहिली आहे.”

मग तिने माझा हात धरला आणि आम्ही तसेच, एकमेकांकडे तोंड करून, नाव येईपर्यंत बसलो. आजूबाजूचे लोक बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी यंत्राला तिची हनुवटी टेकवून खूप वेळ पाहिलं. वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा. शेवटी दिवा बंद करून त्यांनी विचारलं, “काल मिरच्या चिरल्या होत्या?”

“ठेचा केला होता,” बायको म्हणाली. “झोपताना डोळा चोळला असेन.”

“आतून डोळा स्वच्छ आहे. तिखटाचा हात आहे, दुसरं काही नाही. काका, खुर्ची घ्या, तुम्ही पडाल.”

खुर्चीत बसल्यावर मी तो प्रश्न विचारला, दीड वर्ष मनात ठेवलेला. त्या दिवशी मी तार म्हणालो, त्यात जो वेळ गेला, त्याने डावा डोळा गेला का? त्या म्हणाल्या, “नाही. भूल द्यायला थांबावंच लागणार होतं. जे व्हायचं ते छर्रा लागला तेव्हाच झालं होतं.” त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. इतके दिवस माझ्याकडे निदान ती एक थाप होती, तिच्यावर थोडा भार टाकता यायचा. आता नुसता चाप उरला, आणि त्यावरचं माझं बोट.

घरी आलो तेव्हा सेक्रेटरी फळ्यावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी विचारलं, “काय, सगळं ठीक?” मी म्हटलं, “डोळा ठीक आहे. आणि ती तार नव्हती, मी बंदूक मारली होती. तो पत्रा तेवढा काढा.” त्यांच्या हातातला खडू तसाच राहिला. पत्रा अर्थातच अजून काढलेला नाही.

तेव्हापासून मी उजवीकडे बसतो. तिकडून तिला मी दिसतो. मलाही तिचा तो डोळा दिवसभर दिसत राहतो, आणि तो पांढरा आहे ना, हे मी बघत असतो. ती ते ओळखते. “पांढराच आहे,” असं म्हणते आणि हातातली सुई पुढे करते, दोरा ओवून द्यायला.